लग्नं उतरवून देणारे सुपडूनाना

आमच्या शेजारचे सुपडूनाना टीव्हीवर अक्षता टाकतात.

तुम्हाला वाटेल, हा माणूस जळून बोलतोय. जळतो मी, ते वेगळं. पण अक्षता खऱ्या आहेत. कोणाची जुनी लग्नाची कॅसेट डिस्कवर उतरवायला आली की नाना आधी अंघोळ करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, डोक्यावर पांढरी टोपी चढवतात आणि वाटीत कुंकू लावलेले तांदूळ घेऊन टीव्हीसमोर खुर्ची मांडतात. मंगलाष्टकं सुरू झाली की उभे राहतात. 'सावधान' झालं की टाकल्या अक्षता! त्यांच्या टीव्हीमागे इतके तांदूळ साठलेत की चिमण्यांच्या एका घराण्यावर पोटासाठी कधी बाहेर पडायची वेळच आली नाही. पडद्यावर पंगत बसली की नानाही आपलं ताट वाढून घेतात. तिकडे वाढपी जिलबी घेऊन आला की हे इकडे ताटावर हात आडवा धरून "बस, बस" म्हणतात. नवरी निघाली की डोळे पुसतात. आणि दुसऱ्या दिवशी कॅसेटचा मालक डिस्क न्यायला आला की दारातच त्याला सांगतात, "लगीन एकदम झकास व्हयनं, भाऊ. पन तुमना मामा काही जेवना नही."

ज्याचं लग्न त्याला तोवर मामा जेवले नाहीत हे माहीतही नसतं. तो घरी जाऊन डिस्क लावतो, तर खरोखरच मामा खांबाला टेकून रुसलेले!

या सगळ्याचं मूळ म्हणजे नानांचा डीव्हीडी रेकॉर्डर. प्लेअर नव्हे. प्लेअर एकेकाळी शेवभाजीसारखा घरोघरी होता. आता त्यावर लोक देवाचा फोटो ठेवतात. रेकॉर्डर म्हणजे दाखवणारा आणि शिवाय उतरवून घेणाराही. त्याच्या एका तोंडात जुनी कॅसेट घालायची, दुसऱ्या तोंडात कोरी डिस्क, बटण दाबलं की तांबडा दिवा लागतो आणि कॅसेटमधलं सगळं डिस्कवर यायला लागतं. घाई चालत नाही. तीन तासांचं लग्न उतरायला तीन तासच लागतात. नानांचा मुलगा मस्कतला गेला, त्याच्या बदल्यात हे यंत्र आलं. मुलगा तिकडेच राहिला, यंत्र मात्र इमानानं इथे आहे.

यंत्राची बडदास्त काय वर्णावी! जळगावचा मे महिना म्हणजे रस्त्यावर पापड ठेवला तर परत उचलताना भाजलेला मिळतो. अशा उन्हात नानांचा कूलर नानांकडे नसतो, यंत्राकडे असतो. नाना कोपऱ्यात घामानं निथळत बसतात आणि यंत्राला वाळ्याची गार हवा. जुन्या डिस्का ते धुतात आणि गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालावेत तशा ओळीनं मांडतात. त्यांची चकाकी इतकी, की एकदा एक कावळा दिपून थेट आमच्या पाण्याच्या टाकीत पडला. आम्ही दोन दिवस त्या टाकीचं पाणी प्यालो आणि नानांना बोललोही नाही. मोठ्या मनाचा आहे मी.

आता माझं ऐका. नाना दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत येण्याआधी इथला तंत्रज्ञ कोण होता? मी! पाटबंधारे खात्यात कारकून असलो तरी कॉलनीतल्या झाडून सगळ्या अँटेना माझ्या हातानं फिरल्या आहेत. मी गच्चीवर चढलो की खाली दहा घरांतून "आलं, आलं... गेलं... आलं!" असा गजर व्हायचा. मी डावीकडे शिंकलो तर भुसावळचं चित्र यायचं, उजवीकडे शिंकलो तर इंदूरचं. बायाबापड्या चहा घेऊन जिन्यात उभ्या राहायच्या. मग केबल आली, मग गच्चीवर डिशच्या थाळ्या आल्या, आणि मग आले सुपडूनाना. माझा जिना ओस पडला आणि यांच्या दारात चपलांचा ढीग.

शेजार तरी कसा, तर आमची भिंत एकच. इकडे मी खिळा ठोकला की तिकडे त्यांचं कॅलेंडर हलतं. त्यामुळे त्यांच्या दारात आलेला प्रत्येक माणूस मला मोजता येत होता, म्हणजे न मोजून चालत नव्हतं.

कॉलनीत वाद झाला की निवाडा नानांकडे. पलीकडच्या पाटलांच्या मेहुण्यानं एकदा सांगितलं की वरातीत बैल उधळला तेव्हा नवरदेवाला त्यानंच वाचवलं. नानांनी चष्मा वर केला. "रेकॉर्डमा शे, भाऊ. तवय तुमी जिलबीना घमेलाजवळ उभा व्हतात." मेहुणा त्या दिवसापासून कॉलनीत मागच्या गल्लीनं येतो. "रेकॉर्डमा शे", म्हणजे रेकॉर्डमध्ये आहे, हे त्यांचं पालुपद. दोन शब्दांत समोरचा माणूस गार. मी आयुष्यभर इतकं खोटं बोललो, पण इतका परिणाम कधी साधला नाही.

सगळ्यात जळजळ आमच्या घरातच व्हायची. वीज गेली, बायकोची मालिका बुडाली, की नानांच्या इन्व्हर्टरवर ती उतरवलेली असायचीच. मग भिंतीपलीकडून डिस्क यायची, इकडून वाटीभर भरीत जायचं. ते भरीत माझ्या वाटचं असायचं, हे इथे नमूद करतो.

"नाना किती हुशार आहेत नाही?" बायको म्हणायची.

"बटण तर दाबायचं असतं," मी म्हणायचो.

"मग तुम्ही दाबा ना कधीतरी एखादं."

या वाक्यानं पुढचं सगळं घडलं.

माझे सासरे असोद्याचे. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा भिंतीवर एकच फोटो आहे, आणि त्यात ते असे बघतात की हार घालणारा हार खाली ठेवून आधी माफी मागतो. खरा माणूस तसा नव्हता. आमच्या लग्नात सासरे वाजंत्र्यांच्या मधोमध फेटा सुटेपर्यंत नाचले होते, आणि ते सगळं आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये होतं. सासूबाईंनी यंदा बायकोला सांगितलं, "आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरते मी. भिंतीवर नुसते रागावलेलेच दिसतात. त्या दिवशी एकदा हसताना दाखव मला."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरून आमरस-सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. बायकोनं ट्रंकेतून कॅसेट काढली, पदरानं पुसली आणि सरळ भिंतीपलीकडे निघाली.

"थांब!" मी म्हणालो. "माझ्या सासऱ्यांना नाचवायला मला सुपडूनानांची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला. तिथे इस्माईलभाई म्हणून जुन्या सामानाचे व्यापारी आहेत. त्यांच्या दुकानात एक आख्खं शतक धूळ खात पडलंय. त्यांनी एक रेकॉर्डर काढला, नानांच्यासारखाच दोन तोंडांचा. किती पैसे दिले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही. इस्माईलभाई सज्जन माणूस. सुतळी बांधता बांधता म्हणाले, "साहब, रिकॉर्डिंग के बाद डिस्क को फायनलाइज जरूर करना. मेनू में है. नहीं तो ये डिस्क सिर्फ इसी मशीन में चलेगी, दूसरी में नहीं."

"भाई," मी म्हणालो, "मी अँटेना फिरवत होतो तेव्हा तुमचं दुकान सायकलवर होतं."

"जी, सही बात है," ते म्हणाले, आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

एस.टी.त मी यंत्र मांडीवर घेऊन बसलो. पारोळ्याला एका म्हातारीनं विचारलं, "झोपलं का बाळ?" एरंडोलपर्यंत मी त्याला थोपटत होतो. घरी आलो, कॅसेट घातली, डिस्क घातली, तांबडा दिवा लागला. आवाज मी मुद्दाम इतका मोठा ठेवला, की भिंतीपलीकडे आमचं लग्न नव्यानं लागलं असेल. तीन तासांनी डिस्क बाहेर आली. परत घालून बघितली तर सासरे काय नाचत होते! बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी नानांच्या दिशेनं मिशीला पीळ दिला. मिशी नाही मला, पण दिला.

फायनलाइज? कशाला? चालत होती की.

आखाजीला असोद्याला सासूबाईंनी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नैवेद्य दाखवला. आमरस-पुरणपोळी झाली. मग घरातलं, शेजारचं आणि झोक्यावरचं सगळं माहेरवाशिणींचं गाव टीव्हीसमोर येऊन बसलं. सासूबाई नवीन लुगडं नेसून सगळ्यांत पुढे, चष्मा पुसून तयार. मी उभा राहून लहानसं भाषण केलं. तंत्रज्ञानाची वाटचाल वगैरे. मग मेव्हण्याच्या प्लेअरमध्ये डिस्क घातली.

प्लेअरनं डिस्क आत घेतली, तोंडात घोळवली, चव न आवडल्यासारखी बाहेर टाकली. परत घातली. परत टाकली. पडद्यावर निळाशार प्रकाश.

"काय झालं रे बापा, लाईट गेली का?" सासूबाई.

"नाही आई, येतंय. तापतंय."

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "तुमचं लग्न आभाळात झालं होतं का?"

झोक्यावरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी डिस्कवर फुंकर घातली, धोतराच्या सोग्यानं पुसली, धोतर मेव्हण्याचं होतं. काही नाही. हळूहळू लोक उठले. सासूबाई मात्र त्या निळ्या पडद्यासमोर बसूनच राहिल्या. शेवटी मलाच धीर द्यावा तसं म्हणाल्या, "राहू दे जावईबापू. पुढच्या आखाजीला बघू. तोवर मी असले तर."

परतीच्या मोटरसायकलवर बायको आमच्या दोघांच्या मधे पिशवी ठेवून बसली. असोदा ते जळगाव हे अंतर इतकं लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवस डिस्कलाच दोष देऊन झाल्यावर मी परत उतरवायचं ठरवलं. यंत्रात कॅसेट घातली. आतून आधी घरघर, मग करकर, आणि मग गव्हाणीत बैल कडबा चघळतो तसा आवाज. मी कॅसेट ओढली तर फीत आतच. जशी ओढली तशी शेवया काढल्यासारखी येत राहिली. त्यानंतर यंत्रानं एक उसासा टाकला आणि प्राण सोडला. आधीची डिस्क आता त्रिभुवनात कुठेच लागणार नव्हती, आणि कॅसेट माझ्या हातात, आतडी बाहेर आलेली.

बायकोनं दारातून बघितलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबांचं तेवढंच होतं हो."

मी कॅसेट कापडी पिशवीत घातली आणि भरदुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, भिंतीपलीकडे गेलो. इतक्या वर्षांत नानांच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाय ठेवला नव्हता.

"या भाऊ! आत या!" नाना गडबडले. खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, परत ठेवलं, परत उचललं. मी पिशवी पुढे केली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. इतक्या दिवसांचं सगळं व्याजासकट. पण नानांनी फीत बघितली आणि पोटच्या पोराला लागावं तसं तोंड केलं.

"अरे देवा! कितली गुंताई गयी बिचारी."

पंखा बंद केला, फीत उडू नये म्हणून. टेबलावर पांढरं धोतर अंथरलं, बारीक पेचकस घेतला, कॅसेट उघडली, आणि ती सगळी फीत बोटांवर घेऊन अशी उलगडत बसले जशी आई पोरीच्या केसांतला गुंता काढते. घाम नाकावरून टपकायला लागला की मान बाजूला. मला पदर नसल्यामुळे मी त्यांना टॉवेलनं वारा घातला. हो, मी.

"भाऊ, हाऊ तुकडा गया," त्यांनी चुरगळलेली फीत दाखवली. "कापना पडी."

"कापा. पण त्यात सासरे नाहीत ना?"

तुकडा कापला, जोड दिला, कॅसेट बंद केली, यंत्रात घातली. कूलर यंत्राकडे वळवला. मग मला म्हणाले, "बसा भाऊ. कोनी बसत नही."

"म्हणजे?"

"लोके दारमा कॅसेट देतस, दारमातीन डिस्क लेतस. चहा सांगा तं म्हनतस, घाई शे नाना. बठ्ठासनं लगीन मी एकलाच देखस."

सगळ्यांची लग्नं नाना जिथे एकटेच बघत, त्या खोलीकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं. इतकी वर्षं ज्या चपलांच्या ढिगावर मी जळलो, त्या चपलांचे धनी कधी दाराच्या आत आलेच नव्हते. खोलीत खुर्ची एकच होती. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, खुर्ची मला दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली हे मला ठाऊक होतं, म्हणजे बातमी म्हणून ठाऊक होतं.

तांबडा दिवा लागला. पडद्यावर मांडव आला, आमचे सगळे तरुण आणि जिवंत नातेवाईक आले. कापला गेलेला तुकडा नेमका घोड्यावरून माझं आगमन होतं. ज्या रुबाबाची आठवण मी बायकोला उठता बसता देतो, तो रुबाब धोतरावर चुरगळून पडला होता. मांडवात मी एकदम कुठूनतरी उगवलो, बूट शोधत. पण पुढे वाजंत्री आली, आणि सासरे आले. फेटा सुटला, टोक धुळीत लोळत होतं, आणि माणूस हसतोय, नाचतोय, हसतोय!

"वा! काय नाचना!" नाना स्टुलावरच थिरकले. "सासूबाईले दाखाडा. उद्याच लई जा. मी फायनलाइज करी, पाटीलना प्लेअरवर देखी, मंगच देसू."

'फायनलाइज' ते इतक्या सहज बोलले की मी पडद्याकडे बघितल्यासारखं केलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आमच्या बायकोचा आवाज आला. "अहो! कूलरमधलं पाणी संपलंय! मोटर जळेल!"

आणि टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. सासरे मुक्यानं नाचायला लागले.

"नाना, आवाज गेला! कॅसेट गेली!" मी ताडकन उठलो.

"नही भाऊ, बसा. कॅसेट ठीक शे, रेकॉर्डिंग चालू शे. टीव्हीना आवाज मीच बंद कया." रिमोट त्यांच्या हातात होता. चोरी सापडल्यासारखा त्यांनी तो मांडीखाली घातला. "सवय पडी गयी. वहिनी बोलाले लागन्यात का मना हात आपोआप जास."

"आमचं भांडण ऐकता तुम्ही?"

"भांडन कसानं, भाऊ!" नाना खाली बघत म्हणाले. "घर शे ते. लगीनमा काय, तेच ते. तुमना घरमा रोज नवं व्हस. मीठ कमी पडनं, चष्मा सापडना नही, गॅस संपना. माले बठ्ठं समजस. मी आठे बठ्या बठ्या म्हनस, आते वहिनी बोली, आते भाऊ बोली. तुमी अबोला धरतस ना, तो दिन माले घर खायाले उठस. आखाजीले तुमी असोदाले गयथात, तं भिंत बी मुकी व्हई गयी."

पडद्यावर मंगलाष्टकं सुरू झाली असावीत, सगळ्यांचे ओठ हलत होते. नाना उभे राहिले नाहीत. त्यांचा कान भिंतीकडे होता.

"अहो, ऐकू येतंय का? पाणी!"

'आलो' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मोटरही वाचली असती. मी खुर्चीतच जरा सावरून बसलो आणि खिडकीकडे तोंड करून ओरडलो, "तूच ओत! मी कामात आहे!"

"कसलं काम? दुसऱ्याच्या घरी बसून स्वतःचंच लग्न बघणं, हे काम?"

"आणि कालच्या भरितात तिखट कोणी ओतलं, ते आधी सांग!"

"भरीत? तीन वेळा मागून घेतलंत ते भरीत?"

ती रंगात आली. नानांनी स्टूल आवाज न करता उचललं, टीव्हीकडे पाठ केली आणि भिंतीजवळ नेऊन बसले, पाय वर घेऊन. मी घसा साफ केला आणि विषय तिच्या माहेरावर नेला.